अर्जातला मामा

मिल्वॉकी, १४ सप्टेंबर २०१६

प्रिय मामा,

धुरी दिलेला मासा पोचला. डबा उघडल्यावर पाचच मिनिटांत शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काही जळतंय का म्हणून. तिला एक तुकडा दिला. आता रोज विचारते.

बातमी अशी की मी पुन्हा अर्ज करतेय. गेल्या वर्षी सहा विद्यापीठांत केला होता, सहाही ठिकाणांहून नकार. आई म्हणते, "सहा वेगवेगळ्या गावांतली माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ऐकून घ्यावं." तुझ्या बहिणीचं बोलणं तुला मी काय सांगू! पण मला हेच शिकायचंय. दोन वर्षं शाळेत नोव्होटनीबाईंच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करतेय. त्या शाळेच्या स्पीच थेरपिस्ट. मी फक्त चित्रांची कार्डं धरते आणि टिपणं घेते. गेल्या आठवड्यात एका मुलीला पहिल्यांदा 'र' नीट जमला. ती दिवसभर शाळेत सगळ्यांवर गुरगुरत हिंडली, मुख्याध्यापकांवरसुद्धा. असलं काम मला जन्मभर करायचंय, आणि पदव्युत्तर पदवीशिवाय ते कुणी करू देत नाही.

अडचण माझे गुण. कॉलेजच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात मी काय दिवे लावले ते तुला ठाऊक आहे. निरीक्षणाचे पंचवीस तास झालेत, तीन शिफारसपत्रं मिळालीत. राहिला दीड पानाचा निबंध, 'तुम्ही या क्षेत्राकडे का वळलात' म्हणून. नोव्होटनीबाई म्हणतात गेल्या वर्षीचा निबंध कुणीही लिहिला असता, त्यात माझं असं काही नव्हतं. या वेळी मी तुझ्यावर लिहिलंय. म्हणजे आजी पडली त्या दिवसावर. प्रत सोबत जोडतेय. सुरुवात अशी आहे:

"मी नऊ वर्षांची असताना माझी आजी स्वयंपाकघरात कोसळली. घरात मी आणि तोतरेपणाने ग्रासलेला माझा मामा, दोघंच होतो. फोन हातात धरून तो थिजल्यासारखा उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि पत्ता सांगितला. त्या सकाळी मी माझ्या मामाचा आवाज झाले. ज्यांना आवाज नाही अशा सगळ्यांचा आवाज व्हायचं, हे मी तेव्हाच ठरवलं."

वार, महिना वगैरे बरोबर आहे का ते बघशील? फोन करणार नव्हतेच, तुला फोन आवडत नाही. पत्रानेच कळव.

तुझी,
डार्सी

टॅमरॅक लँडिंग, मिशिगन
२२ सप्टेंबर

डार्सी,

मंगळवार होता, बुधवार नव्हे. १६ मार्च १९९९. बर्फामुळे शाळा बंद होती म्हणून तू घरी होतीस. आई स्वयंपाकघरात पडली नाही, मागच्या दाराशी पडली, बूट काढायच्या बाकापाशी. दुसऱ्या पानावर 'रुग्णवाहिका' दोनदा चुकलाय.

'ग्रासलेला' हा शब्द वाचून मी आरशात बघून आलो. कुठे कुरतडलेलं दिसलं नाही.

बाकी निबंध छान आहे. पाठव.

इथे पहिली थंडी पडली. लोकांना एकदम आठवलं की बर्फ फेकायची यंत्रं एप्रिलपासून बिघडलेली आहेत. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आज नऊ यंत्रं उभी आहेत आणि दहावं कुणीतरी रस्त्यातच सोडून गेलंय.

मामा

मिल्वॉकी, ६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

वार बदलला, बाक घातला. आभार.

पण एक भानगड झाली. निबंध नोव्होटनीबाईंना वाचायला दिला. मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "यात तुझ्या मामाचं एक तरी वाक्य आहे का?"

मी म्हटलं, "तो बोलूच शकत नव्हता, हाच तर मुद्दा आहे."

"तुझा मामा मुका आहे?"

"नाही हो. अडखळतो."

"मग गेल्या सतरा वर्षांत तो काहीतरी बोलला असेलच ना. त्याला विचारलंस?"

मी सांगितलं की त्याला पाठवला होता आणि तो छान आहे म्हणाला. तर म्हणतात, "छान म्हणाला, की नुसता वार दुरुस्त करून दिला?"

मला रागच आला, खरं सांगते. दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात आरशाची गंमत आहे, बर्फाची यंत्रं आहेत, आणि त्या सकाळबद्दल वार आणि बाक सोडून एक अक्षर नाही.

मामा, त्या दिवशी नक्की काय झालं? मला आठवतं ते असं: तू भिंतीपाशी उभा, फोनची वायर ताणलेली, तुझा चेहरा लाल. पुढचं आठवतं ते ॲम्ब्युलन्सवाल्यांचे बूट. मधलं मला आठवतं, की मी इतक्यांदा सांगितलंय म्हणून पाठ झालंय, ते आता कळेनासं झालंय.

आणि लहानपणी तुझ्यावर कुणी उपचार केले होते का? इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही. शिकायला निघालेय हेच, आणि घरातल्या माणसाला विचारलं नाही.

डार्सी

टॅमरॅक लँडिंग, १९ ऑक्टोबर

डार्सी,

तुझ्या नोव्होटनीबाईंना दुकानात आणू नकोस. यंत्र उघडायच्या आधीच बिघाड सांगतील, मग मी खाऊ काय.

विचारलंस म्हणून लिहितो. तीन रविवार लागलेत लिहायला.

उपचार केले होते. मी दुसरीत असताना दर गुरुवारी गावोगाव फिरणारी एक बाई यायची. शाळेच्या तळघरात बॉयलरशेजारी आमची खोली होती. मी बोलायचो आणि ती पेन्सिलीने टेबलावर ताल धरायची, एका ठोक्याला एक शब्द. तिथे तालावर मी झकास बोलायचो. वर वर्गात गेलो की ताल कुठून आणायचा? वर्षाच्या शेवटी तिने आईला लिहून दिलं, मुलगा प्रयत्न करत नाही. बाई वाईट नव्हती. एका दिवसात पाच शाळा करायची, हातमोजेसुद्धा काढायची नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही आणि मग कुणीच आलं नाही.

आता तो मंगळवार.

आई पडल्याचा आवाज मी गोठ्याच्या शेडमधून ऐकला. आत आलो, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा कोट दिला आणि ९११ ला फोन लावला. मी. तू तेव्हा जिन्यावर होतीस. त्या काळी आमच्या जिल्ह्यात फोन केला की पत्ता त्यांना आपोआप दिसत नसे, तोंडाने सांगावा लागे. आपला रस्ता पेलकी रोड, आणि 'प' म्हणजे माझा जन्माचा वैरी. 'आई पडली, शुद्ध नाही' एवढं मी सांगितलं. मग 'पे' वर अडकलो. अडकलो म्हणजे थांबलो नव्हतो, तो शब्द येत होता. पलीकडची बाई म्हणाली, "हे बघ पोरा, ही लाइन खेळायला नाही," आणि फोन ठेवला.

मी एकेचाळीस वर्षांचा होतो.

पुन्हा लावला. या वेळी 'प' वर नुसता श्वास अडला, आवाजच नाही. तिने ओळखलं. म्हणाली, परत केलास तर शेरीफला पाठवीन. मला वाटलं, पाठव, निदान कुणीतरी येईल. पण ती कुठे पाठवणार, पत्ता तर नव्हता.

मग मी तुला हाक मारली. खाली बसलो, तुझ्या उंचीला. तिसऱ्यांदा नंबर लावला, फोन तुझ्या हातात दिला आणि सांगितलं, "पत्ता सांग, हळू सांग, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय ठेवू नकोस." तू सांगितलास. आवाज जराही हलला नाही तुझा. मला तेव्हाही अभिमान वाटला होता.

पण तू फोन घेतला नव्हतास, डार्सी. मी दिला होता. पूर्ण पानात मला तेवढंच एक खुपलं.

सगळं मिळून सहा-सात मिनिटं गेली असतील. आई चौथ्या दिवशी गेली. मेंदूत रक्तस्राव इतका होता की त्या मिनिटांनी काही फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पूर्ण वाक्यात विचारलं, आणि त्यांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

हे एलीनला, तुझ्या आईला, माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की रीनोला, म्हणजे मला, बोलता आलं नाही आणि पोरीने वाचवायचा प्रयत्न केला. त्याच वर्षी नाताळात ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली होती, "तुला एक पत्ता सांगता आला असता तर." मी काही बोललो नाही. का नाही, म्हणशील. सांगायला बसलो असतो तर वीस मिनिटं लागली असती आणि टर्की गार झाली असती. खरं कारण यापेक्षा मोठं असेल, पण मला सापडलेलं एवढंच आहे.

तू आहे तोच निबंध पाठव. निवड समितीला तुझी गोष्ट जास्त आवडेल. ती लहानही आहे.

मामा

मिल्वॉकी, २४ ऑक्टोबर

मामा,

पत्र बसस्टॉपवर उघडलं आणि दोन बस सोडल्या.

मला एक कबूल करायचंय. तुझं पहिलं पत्र आलं, 'छान आहे, पाठव', त्याच दिवशी मी पाचांपैकी तीन ठिकाणी निबंध पाठवून टाकला. नोव्होटनीबाईंना दाखवायच्याही आधी. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी पाठवला म्हणून नाकारला असं डोक्यात बसलं होतं. एकदा पाठवला की बदलता येत नाही. म्हणजे तीन विद्यापीठांत आत्ता तू भिंतीपाशी थिजून उभा आहेस, आणि तिथे तुला मी उभं केलंय.

उरलेल्या दोन ठिकाणी मी खरं लिहू का? तू नको म्हणालास तर आजीवरचं सगळं काढून टाकते आणि 'र' वाल्या मुलीवर लिहिते.

आईला सांगायला हवं. तू म्हणशील तर मी सांगते, मला दोन मिनिटं पुरतील.

आणि मी फोन घेतला म्हणून सांगत आले त्याबद्दल. कॉलेजात सांगितलं, नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं, एकदा एका मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं. तो रडला होता. काय लिहू? चुकले.

डार्सी

टॅमरॅक लँडिंग, ३ नोव्हेंबर

डार्सी,

नऊ वर्षांची होतीस. नऊ वर्षांच्या मुलीला फोन दिलेला आणि घेतलेला सारखाच. पहिल्या भेटीत रडणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं ते लिही.

निबंधात लिही. अटी आहेत. माझं नाव नको. 'ग्रासलेला' नको. कुणाचा आवाज झालीस असं नको. माझा आवाज माझ्याकडेच आहे, जरा उशिरा पोचतो इतकंच. आणि त्या फोनवरच्या बाईला राक्षसीण करू नकोस. ती कोण ते मला माहीत आहे. आवाजावरून ओळखलं होतं. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली. दर वसंतात गवत कापायचं यंत्र धार लावायला माझ्याकडेच आणते, सोबत वेलदोड्याचा पाव आणते, आणि माझं वाक्य संपेपर्यंत काउंटरवर कोपर टेकून उभी राहते. तो माणूस मी होतो हे तिला माहीत नाही. त्या सकाळी बर्फात अपघात चालले होते, तिच्याकडे दोनच लाइन होत्या. कुणी कधी शिकवलं असेल तिला?

तूच आता शिकायला निघाली आहेस, तर ते लिही. माझ्या तोंडाबद्दल कमी आणि तिच्या कानाबद्दल जास्त.

एलीनचं माझ्यावर सोड. तुझी दोन मिनिटं नकोत. माझी वीस हवीत.

मामा

मिल्वॉकी, ४ जानेवारी २०१७

प्रिय मामा,

घरी सुखरूप पोचले. दोन्ही नवे अर्ज नाताळाआधीच गेले होते, ते तुला तिथे सांगितलंच.

जे विचारायचं राहिलं ते विचारते. सव्वीस तारखेला तू आणि आई आजीच्या कबरीवर हार ठेवायला गेलात. परत आलात आणि अंगणात गाडीत बसून राहिलात. इंजिन चालू, काचा धुरकटलेल्या. मी खिडकीतून बघत होते, पाऊण तास. मग आई आत आली, कोट न काढता सिंकपाशी गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मिल्वॉकीपर्यंतच्या प्रवासात ती फक्त पेट्रोलबद्दल बोलली.

काय झालं?

डार्सी

टॅमरॅक लँडिंग, १५ जानेवारी

डार्सी,

गाडीत सांगितलं कारण गाडीतून ती उठून जात नाही.

कबरीवरून निघाल्यावर सुरुवात केली. पहिल्या मैलात तिने माझे तीन शब्द पुरे केले. त्यातले दोन चुकीचे. मी 'प' म्हटलं की ती 'पोलीस?', मी मान हलवली की 'पडली?' चौथ्या वेळी मी डॅशबोर्डवर हात आपटला आणि म्हटलं, "एलीन, ग, गप्प बस." तिला मी आयुष्यात कधी गप्प बस म्हटलं नव्हतं. तिने गाडी आपल्या वळणावरून पुढे नेली, तळ्यापर्यंत, आणि तिथून वळवून आणली. मध्ये एक शब्द नाही. घरापाशी आलो तेव्हा मी 'शेरीफ'पर्यंत आलो होतो.

सगळं झाल्यावर ती म्हणाली, "मी तुला टेबलावर तसं बोलले, ते तुला आठवतं?"

म्हटलं, "हो."

"सतरा वर्षं तू माझ्या गाडीचं तेल बदलतोयस."

म्हटलं, "गाडीचा काय दोष?"

मग ती रडली. मग म्हणाली की पाय गारठले. एवढंच.

गेल्या सोमवारी तिचं पत्र आलं. पत्र! एलीनचं! चार ओळी. त्या तुला सांगत नाही.

मामा

मिल्वॉकी, १९ मार्च

प्रिय मामा,

निकाल लागले. क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होतो.

जुना निबंध गेलेली तीन: दोन नकार, एक होकार. होकार आला तो सगळ्यांत मोठ्या विद्यापीठाचा, जिथे मला कुणी उभं करणार नाही अशी माझी खात्री होती. पत्रात लिहिलंय, 'आवाज हरवलेल्या मामासाठी तुम्ही लहान वयात दाखवलेलं धैर्य समितीच्या मनाला भिडलं.'

नवा निबंध गेलेली दोन: एक नकार. दुसरं विद्यापीठ उत्तर विस्कॉन्सिनमधलं, लहान, तुझ्यापासून तीन तासांवर. त्यांनी मुलाखतीला बोलावलं. गेल्या शुक्रवारी जाऊन आले.

मुलाखत घेणाऱ्या डॉ. सॉरगार्ड, साठीच्या, केस बारीक कापलेले, पायात बर्फाचे बूट. त्यांनी निबंध पुढ्यात ठेवला होता. विचारलं, "त्या फोनवर तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, "थांबले असते."

"सगळे तेच म्हणतात. बघू या." त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि काहीच बोलल्या नाहीत.  मी हसले. खुर्ची सरकवली. मग विचारलं, "मी काही बोलायचंय का?"

त्या म्हणाल्या, "अकरा सेकंद."

मामा, मी बाहेर येऊन गाडीत रडले. इतकं सगळं लिहून, इतकं सगळं कळून, अकरा सेकंद! काल त्यांचं पत्र आलं: प्रतीक्षायादी, क्रमांक दोन.

पंधरा एप्रिलपर्यंत मोठ्या विद्यापीठाला हो किंवा नाही कळवायचंय. आई म्हणते, "हातातलं घे, यादीचा काय भरवसा." पण ती जागा मला ज्या गोष्टीवर मिळाली ती घडलीच नाही. मी त्यांना पत्र लिहून खरं कळवावं म्हणतेय. मग त्यांनी जागा काढून घेतली तरी चालेल. चालणार नाही, पण घेऊ देत.

डार्सी

टॅमरॅक लँडिंग, २५ मार्च

डार्सी,

वेडेपणा करू नकोस. त्यांनी तुला घेतलंय, मला नाही. नऊ वर्षांच्या मुलीला जसं आठवलं तसं तिने लिहिलं, ते खोटं होत नाही. मला एखाद्या कपाटातल्या फायलीत थिजून उभं राहायला काही वाटत नाही. तिथे ऊब असेल.

घे ती जागा. तिसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केलास तर तुझी आई मला फोन करेल, आणि ते मला परवडणार नाही.

अकरा सेकंद वाईट नाहीत. आमच्या पाद्रीबुवांना चार जमतात.

मामा

मिल्वॉकी, १७ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा माझं पत्र पेटीत पडलं होतं. पडलं नसतं तरी टाकलंच असतं, राग मानू नकोस.

मी त्यांना लिहिलं की मामाचा आवाज हरवलेला नव्हता, त्याने माझ्याआधी दोनदा फोन केला होता, फोन माझ्या हातात त्याने दिला, आणि हे मला अर्ज पाठवल्यानंतर कळलं. वर नवा निबंध जोडला. दहा दिवस मी दारातल्या पेटीकडे चोरासारखी बघत होते.

उत्तर दोन ओळींचं आलं. 'आपलं पत्र फायलीत ठेवलं आहे. निर्णयात बदल नाही. वसतिगृहाचा अर्ज एक मेपर्यंत भरावा.'

मामा, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी ते पत्र उलटंपालटं करून बघत बसले. त्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच होत्या. वाईट माणसं नसतील. पाचशे अर्ज वाचत असतील, तुझ्या त्या पेन्सिलवाल्या बाईसारखे हातमोजे न काढता.

चौदा तारखेला दुपारी शाळेत फोन आला. डॉ. सॉरगार्ड स्वतः. यादीवरचा पहिला दुसरीकडे गेला होता. म्हणाल्या, "जागा आहे. हवी का?"

मी विचारलं, "माझ्या अकरा सेकंदांचं काय?"

त्या म्हणाल्या, "तेच शिकायला या. ज्यांना येतं त्यांना मी काय शिकवू?"

मी हो म्हटलं. मोठ्या विद्यापीठाला नाही कळवलं. नोव्होटनीबाईंनी सगळ्या शाळेसमोर मला मिठी मारली. आईला सांगितलं तर ती उठून आत गेली. मला वाटलं चिडली. मग नकाशा घेऊन आली आणि म्हणाली, "तिथून रीनोचं घर जवळ आहे." बस्स.

ऑगस्टअखेर वर्ग सुरू.

तुझी,
डार्सी

ता. क. : पहिल्या भेटीत रडणारा मुलगा आता दाताचा डॉक्टर आहे. मिशिगनमध्येच असतो. त्याचं पुढे काही झालं नाही.

उत्तर विस्कॉन्सिन, ८ ऑक्टोबर २०१७

प्रिय मामा,

सहा आठवडे झाले. गळ्यातल्या स्नायूंची नावं पाठ करतेय, झोपेतही म्हणत असेन.

या आठवड्यात डॉ. सॉरगार्डनी एक काम दिलं. प्रत्येकाने एक अख्खा दिवस गावात मुद्दाम अडखळत बोलायचं. दुकानात, बँकेत, लायब्ररीत. कुणालाही हे नाटक आहे म्हणून सांगायचं नाही, आणि रात्री सगळं लिहून काढायचं. वर्गात सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, मला तर घरचाच सराव आहे.

सकाळी बेकरीत गेले. मला ब्लूबेरीचा मफिन हवा होता. 'ब' वर अडकायचं असं ठरवून गेले होते. 'ब्ल, ब्ल' म्हणतेय तोवर काउंटरवरच्या मुलीने माझ्यावरून नजर काढून माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं, जणू मी त्याच्यासोबत आलेय आणि तो माझ्या वतीने सांगेल. मग म्हणाली, "ब्रेड? पांढरा?" आणि मी, मामा, मी मान डोलावली! मला ब्रेड नको होता. मी सहज 'नाही' म्हणू शकत होते, माझं तोंड धडधाकट आहे. मी पांढरा ब्रेड घेतला, आभार मानले आणि बाहेर आले.

दुपारी लायब्ररीत नाव सांगायचं होतं. आपलं नाव! 'ड' वर अडकले तर तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "नाव विसरलात का?" प्रेमाने विचारलं. तीन वाजता बँकेत जायचं होतं, ते मी गेलेच नाही. पार्किंगमध्ये बसून ब्रेड खाल्ला, नुसता. माझं नाटक एका दिवसाचं होतं आणि मला सहा तास जमलं.

हे सगळं अहवालात लिहिलं. बँकेचंही लिहिलं. डॉ. सॉरगार्डनी शेरा दिलाय: 'प्रामाणिक. पण अडखळणं बनावट वाटतं. कुणाकडून तरी शिकून घ्या.'

डार्सी

टॅमरॅक लँडिंग, १३ ऑक्टोबर

डार्सी,

पत्र वाचून इतका हसलो की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. मग पुन्हा वाचलं, तेव्हा नाही हसलो.

मी चाळीस वर्षं हॉटेलात सूप मागवतोय. मला सूप आवडत नाही. 'स' सोपा आहे. मला आवडते ती मांस-बटाट्याची पॅस्टी, पण ती मी फक्त घरी खातो.

तुझ्या मास्तरीणबाईंचं बरोबर आहे. 'ब्ल, ब्ल' असं कुणी करत नाही, ते कार्टूनमधलं. अडकतो तेव्हा ओठ बंद होतात आणि घशाच्या आत काहीतरी मिटतं. बाहेर आवाज येतच नाही. आणि त्या वेळात माणूस रिकामा नसतो. दुसरा शब्द शोधत असतो, तो सापडला की तोही अडकेल का ते बघत असतो, समोरच्याची नजर कुठे गेली ते बघत असतो. हे सगळं करून वर 'ब' म्हणायचा असतो. तुला फक्त ओठांचं कळलंय. बाकीचं दाखवावं लागेल, पत्रात नाही येणार.

पुढच्या शनिवारी ये. दोन वाजता दुकान बंद करतो. मी काउंटरमागे उभा राहीन, तू गिऱ्हाईक. स्पार्क प्लग मागायचा, आणि मागून झाल्याशिवाय मिळणार नाही. मग उलट करू, मी गिऱ्हाईक, आणि तू हाताची घडी घालून उभं राहायचं. मग सौनात वाफ, मग जेवण. वही आण.

एलीनही येतेय. मी बोलावलं नाही, तिनेच कळवलं. तिला गप्प बसायला शिकायचंय म्हणे. तुझ्यापेक्षा तो अभ्यासक्रम मोठा आहे, दोन वर्षांत व्हायचा नाही.

मामा